निवेदक कोण?

साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न पुनःपुन्हा विचारायला शिकवतो : हे कोण सांगते आहे? कथा प्रथमपुरुषी असली म्हणून तिच्यातला प्रत्येक शब्द त्या 'मी'चाच असतो असे नाही. पात्राच्या तोंडी त्याच्या वयाला, अनुभवाला न शोभणारा शब्द आला तर तिथे थांबावे, तो कुठून आला याचा शोध घ्यावा, असे मी गेली अठरा वर्षे सांगत आले आहे आणि उत्तरपत्रिकांतून तेच वाचतही आले आहे. २०१९ च्या जूनमध्ये मात्र ज्या मजकुराला हा प्रश्न विचारायला हवा होता, त्याला मी तो विचारला नाही. त्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते.

मजकूर म्हणजे एक पत्र होते. शंभर पानी वहीच्या दोन पानांवर, निळ्या शाईने, मोठ्या गोल अक्षरांत लिहिलेले. लिहिणारी माझी भाची, तेव्हा अकरा वर्षांची. पत्र 'माननीय न्यायाधीश साहेब' यांना होते आणि त्याचा आशय एवढाच होता की, मला माझ्या आईला भेटायचे नाही, मला तिच्याकडे पाठवू नये. दादाने ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "तिनं स्वतःहून लिहिलंय. तू जरा शुद्धलेखन बघ. कोर्टात द्यायचंय."

मी पेन्सिल घेतली. 'मिळत' मधली दीर्घ 'मी' ऱ्हस्व केली. 'न्यायाधिश' मधला 'धि' दीर्घ केला. दुसऱ्या पानावर एक वाक्य होते : 'आईने आमच्या कुटुंबाची अप्रतिष्ठा केली आहे.' त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी पुढे गेले.

दादा आणि वहिनी वेगळे झाले त्याला तेव्हा दोन वर्षे होत आली होती. कारणांत मी शिरत नाही. ती त्या दोघांची आहेत आणि दोन्ही बाजूंनी ऐकली की दोन्ही खरी वाटतात. मारहाण, व्यसन असे काही नव्हते, एवढे मात्र सांगायला हवे, कारण पुढे त्याला महत्त्व आले. वहिनी नोकरीच्या निमित्ताने नाशिकला गेली. भाचीची शाळा पुण्यात, म्हणून ती आमच्या कोथरूडच्या घरी, दादा आणि माझी आई यांच्याजवळ राहिली. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आईची भेट, असे ठरले. पहिले काही महिने ती आनंदाने जात असे. मग एखादा शनिवार चुकू लागला. कधी परीक्षा, कधी पोटदुखी. मग ती भेटीहून आली की गप्प बसू लागली. त्यानंतर ती जाईनाशी झाली आणि शेवटी हे पत्र आले.

आमच्या घरात कोणी तिला आईविरुद्ध शिकवले का? दादाने शपथेवर नाही म्हटले असते आणि ते खोटे ठरले नसते. घरे अशी शिकवत नाहीत. शनिवारी सकाळी माझी आई तिच्या डोक्याला तेल लावताना म्हणे, "जायचं तर जा बाई, आम्ही कोण अडवणार?" ती परत आली की विचारी, "जेवलीस का नीट? तोंड उतरलंय." दादा काहीच बोलत नसे, फक्त त्या दिवशी तो जेवायचा नाही. वहिनीने दिलेला फ्रॉक कपाटात सगळ्यांत खाली जाई. मूल हे सगळे वाचते. कोणाच्या बाजूने उभे राहिले की घरातली हवा हलकी होते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

मराठीत यासाठी एक जुना वाक्प्रचार आहे, 'कान भरणे'. परंतु तो पुरेसा नाही असे मला आता वाटते. त्यात कान रिकामा आहे आणि कोणीतरी हेतुपुरस्सर त्यात काही ओतते आहे, असे गृहीत धरलेले असते. आमच्याकडे ओतणारा असा कोणी नव्हता, थेंब मात्र सगळ्यांचे होते. एक थेंब माझाही होता, हे मला नंतर कळले.

मुलाच्या ताब्याचा न्याय हा कथांचा फार जुना विषय आहे. महाउम्मग्ग जातकात महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढतो, मूल तिच्यावर ठेवतो, आणि खरी आई व यक्षिणी यांना दोन बाजूंनी ते ओढायला सांगतो. मूल रडू लागते. जी हात सोडते ती आई. शलमोन राजाच्या कथेत रेघेच्या जागी तलवार आहे. ब्रेख्तने आपल्या नाटकात खडूचे वर्तुळ आखले आणि निवाडा उलटा केला : जन्म देणारी ओढत राहते, वाढवणारी मोलकरीण सोडून देते, आणि मूल तिला मिळते. चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्याचे 'अजब न्याय वर्तुळाचा' केले आणि १९७० च्या दशकात विजया मेहतांच्या दिग्दर्शनात ते मराठी रंगभूमीवर गाजले. हे नाटक मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. ज्याच्या हाती प्रेम आहे तो ओढत नाही, हे तात्पर्य विद्यार्थी पटकन लिहून घेतात.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. मूल बोलत नाही. त्याचे हात दुसऱ्यांच्या हातांत असतात आणि ओढ बाहेरून दिसते. मूलच जर म्हणाले की, मला तिकडे जायचे नाही, माझा हात सोड, तर महोसधाने काय केले असते? मग सोडणारी आई खरी ठरत नाही, ती फक्त हरते. आणि न सोडणारी मुलाच्या इच्छेविरुद्ध ओढणारी ठरते. वहिनीची नेमकी हीच अवस्था झाली होती. ती भेटीचा आग्रह धरी तेव्हा आम्ही म्हणत असू, 'पोरीला कशाला छळते?' आणि एकदा ती दोन महिने आली नाही तेव्हा म्हणालो, 'बघा, आहे का काही माया?'

मुलाच्या बाजूने ही कथा पाहणारी कादंबरी आठवते ती हिंदीतली, मन्नू भंडारींची 'आपका बंटी'. 'धर्मयुग'मधून ती क्रमशः आली आणि १९७१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बंटीची आई महाविद्यालयाची प्राचार्य आहे, म्हणजे शब्दांशी संबंध असलेली, सुशिक्षित, विचारी बाई. तिचे शिक्षण बंटीच्या उपयोगी पडत नाही. ही कादंबरी मी विद्यार्थिदशेत वाचली, तेव्हा मला बंटीची दया आली होती. आपण त्या घरातल्या मोठ्या माणसांपैकी एक असू, ही शक्यता माझ्या मनात आली नव्हती.

पत्र न्यायालयात गेले. अल्पवयीन मुलाला समज आली असेल तर त्याची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते, अशी तरतूद १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात, सतराव्या कलमात आहे. दादाच्या वकिलांना त्यावर विश्वास होता. परंतु इच्छा विचारात घेणे म्हणजे पत्र वाचून निकाल देणे नव्हे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समुपदेशकाला न्यायालयाचाच भाग केले आहे. तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे. आणि वैद्यकीय व समाजकल्याण क्षेत्रांतील तज्ज्ञांचे साहाय्य घेण्याची मुभा दिली आहे. पुण्यात असे न्यायालय १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०१७ पासून ते शिवाजीनगरला स्वतःच्या इमारतीत आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले ते दादाची सोबत म्हणून. लग्न मोडायला आलेल्या माणसांच्या रांगेत पाण्याची बाटली आणि रंगीत खडूंची पेटी घेतलेली मुले बसलेली असतात, हे दृश्य पाहण्याची तयारी मनाशी केलेली नव्हती.

विवाह समुपदेशक बाईंनी दादाला, वहिनीला आणि भाचीला वेगवेगळे भेटून घेतले. समुपदेशकाशी झालेले बोलणे गोपनीय असते, म्हणून आत काय झाले ते मला ठाऊक नाही. एक प्रश्न मात्र भाचीने घरी येऊन सांगितला. बाईंनी विचारले होते, "आईच्या हातचं तुला काय आवडायचं?" ती म्हणाली होती, "काहीच नाही." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत बरोबर उत्तर दिल्याचा भाव होता. माझ्या आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. साबुदाण्याच्या खिचडीसाठी हीच मुलगी वहिनीच्या पदराला धरून ओट्याशी उभी राहायची, हे आम्हा तिघांनाही आठवत होते. कोणीही बोलले नाही.

नंतर बाईंनी घरातली माणसे म्हणून आईला आणि मला बोलावले. पत्राची प्रत त्यांच्यापुढे होती. "शुद्धलेखन फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मी सांगितले, मी तपासले. त्यांनी दुसऱ्या पानावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवले आणि विचारले, "मॅडम, तुम्ही मराठी शिकवता. अकरा वर्षांचं मूल हा शब्द कुठून आणतं?"

मला उत्तर माहीत होते. 'अप्रतिष्ठा' हा शब्द आमच्या घरात माझ्याखेरीज कोणीच वापरत नाही. वहिनी गेली त्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीशी फोनवर बोलताना मी तो वापरला होता. स्वयंपाकघरात, भाची शेजारच्या खोलीत गृहपाठ करत असताना.

बाईंनी आरोप केला नाही. त्यांनी सांगितले ते असे : मूल एखाद्या पालकाला नाकारते तेव्हा आधी त्या पालकाकडून मुलाला काही भय, मार, दुखापत झाली आहे का, हे शोधावे लागते. तसे असेल तर नकार योग्यच असतो आणि त्याचा मान राखायला हवा. तसे काही नसताना, आठ-नऊ वर्षे जिच्या कुशीत काढली तिच्याबद्दल मुलाजवळ एकही चांगली आठवण उरत नाही, आणि नकाराची भाषा मोठ्यांची असते, तेव्हा मात्र घराकडे पाहावे लागते. त्यांनी यासाठी कोणतेही मोठे नाव वापरले नाही.

नाव आहे, आणि ते वादग्रस्त आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये 'पेरेंटल एलियनेशन सिंड्रोम' ही संज्ञा मांडली. 'सिंड्रोम' म्हटल्याने तो मुलाचा आजार ठरला, आणि आजार म्हटला की तो लावणारा दोषी शोधला जाणे आले. मारहाणीची तक्रार करणाऱ्या आईलाच 'मूल तोडणारी' ठरवण्यासाठी या संज्ञेचा वापर होतो, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत तिला स्थान मिळाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या सूचीतून हा शब्द काढला. आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी कौटुंबिक खटल्यांत या संकल्पनेच्या वापराला कायद्यानेच बंदी घालावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये वडिलांकडे वाढलेल्या एका मुलीचा ताबा आईकडे देण्याचा निर्णय कायम ठेवताना ही संज्ञा वापरली होती. मे २०२४ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने सावध केले : कोणाला घाईने 'तोडणारा' ठरवू नका, मूल तोडणारे वर्तन नेमके कोणते, ते प्रत्यक्ष प्रसंगांतून दाखवा.

मला हा फरक भाषेचा फरक वाटतो. 'सिंड्रोम' हे नाम आहे; ते चिकटवता येते. 'वर्तन' म्हटले की क्रियापदे शोधावी लागतात : कोण काय बोलले, कोण जेवले नाही, कोणी फ्रॉक कुठे ठेवला, कोणी वाक्य वाचून पुढे सोडले. नामाने दुसऱ्याला पकडता येते. क्रियापदांत आपण स्वतः सापडतो.

साहाय्य म्हणून जे मिळाले ते ऐकायला फार साधे आहे. भाचीसाठी एका बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे सुरू झाले. दादाला स्वतंत्र समुपदेशन घ्यावे लागले. त्याला ते अपमानास्पद वाटले, तरी तो गेला. भेटी थोड्या वेळाच्या, पण न चुकता, असे ठरले. मुलीला पोचवायला-आणायला आजी किंवा आत्या जाणार नाहीत. जाण्याआधी 'तुला जायचंय का?' असे विचारायचे नाही, कारण त्या प्रश्नाने निवडीचे ओझे तिच्यावर पडते. परत आल्यावर चौकशी करायची नाही. वहिनीलाही नियम होते : रडायचे नाही, पत्राचा उल्लेख करायचा नाही, 'माझ्याशी का बोलत नाहीस?' हे विचारायचे नाही, दादाविषयी काहीही बोलायचे नाही. मला वाटते, सर्वांत कठीण नियम तिच्याच वाट्याला आले.

हे साहाय्य सर्वांना सारखे मिळत नाही, हेही नोंदवले पाहिजे. खासगी तज्ज्ञांचे शुल्क दादाला परवडले. त्या रांगेतल्या कित्येकांच्या दृष्टीने एका दिवसाची रजा हीच मोठी किंमत होती. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशनने मुलांच्या भेटी आणि ताब्याविषयी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. कागद आहेत. पण त्या कागदांपासून एखाद्या घरातल्या शनिवार सकाळपर्यंत पोचायला माणूस लागतो, वेळ असलेला, प्रशिक्षित आणि कोणाचीही बाजू न घेणारा.

भेटी सहा-सात झाल्या असतील. भाची जाऊन खुर्चीत बसे, पुस्तक उघडून वाची, वेळ संपली की उठे. मग मार्च २०२० आला आणि सगळे बंद झाले. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले होते की, ज्या पालकाकडे मूल राहत नाही त्याला व्हिडिओ कॉलवरून मुलाशी संपर्क ठेवता आला पाहिजे. दोन महिन्यांत तो एकच मार्ग उरला.

संध्याकाळी साडेसहाला कॉल येई. भाची फोन पलंगावर उताणा ठेवून देई. वहिनीला छताचा पंखा दिसे. वहिनी त्या पंख्याशी वीस मिनिटे बोलत असे. प्रश्न नाहीत. आज काय केले, गच्चीत कोणता पक्षी आला, समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी काय गंमत केली. मी शेजारच्या खोलीत असे आणि ऐकू नये असे ठरवूनही ऐकत असे. मला आधी त्याची कीव वाटली. काही आठवड्यांनी लाज वाटू लागली.

जूनमधल्या एका संध्याकाळी पाऊस येत होता. वहिनी सांगत होती की, नाशिकलाही पाऊस आहे, आणि पावसाने तिला पर्वतीची आठवण झाली. आपण अर्ध्या पायऱ्यांवर असताना सर आली होती, तू पहिलीत होतीस, तुझा तो लाल रेनकोट होता, टोपीला बदकाची चोच असलेला. पंखा फिरत होता. थोडा वेळ शांतता झाली. मग पलंगाच्या कडेवरून, कॅमेऱ्याबाहेरून आवाज आला :

"निळा होता."

वहिनी म्हणाली, "हो का? निळा होता." आणि पुढे बोलू लागली, जणू काही विशेष झालेच नाही. तिला ते कसे जमले, मला अजून कळत नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले होते. वर्षभरात त्या मुलीच्या तोंडून आईसंबंधी आलेले ते पहिले वाक्य होते जे आमच्यापैकी कोणाचेही नव्हते. त्या पावसात आम्ही कोणी नव्हतोच.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. फोन उभा राहायला आणखी तीन महिने लागले. प्रत्यक्ष भेटी सुरू झाल्यावर दोनदा मोठी भांडणे झाली; आईवरचा खराखुरा राग, 'तू मला सोडून गेलीस' हा, तेव्हा कुठे बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, हे चांगले आहे, हा तिचा स्वतःचा राग आहे. दादा-वहिनीचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. सुट्ट्या भाची नाशिकला काढते. माझी आई अजूनही ती निघाली की देवघरात जाऊन बसते, पण तेल लावताना काही बोलत नाही.

वहिनीला मी त्या शब्दाविषयी सांगितले, दीड वर्षाने. पत्र मी तपासले होते हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही वाचलंत, तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?" मी हो म्हणाले. तिने क्षमा केली असे मी लिहिणार नाही. तिने चहा टाकला.

भाची आता सतरा वर्षांची आहे. हा लेख तिला वाचायला दिला. दोन वाक्ये तिने काढायला लावली, ती काढली आहेत. खिचडीचे राहू दे म्हणाली. वाचून झाल्यावर तिने विचारले, "आत्या, ते पत्र अजून कोर्टात असेल का गं?"

"असेल. फाइलमध्ये."

"आणि ते कोणी वाचलं तर त्याला वाटेल, मीच लिहिलंय."

"अक्षर तुझंच आहे," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली, "अक्षर माझंच आहे."